विकणाऱ्याच्याच गोदामात माल ठेवू नका

दसऱ्याच्या सुमारास परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या मोंढ्यांत सोयाबीनची आवक वाढते आणि भाव उतरतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढे नेमका याच वेळी दरवर्षीचा प्रश्न येतो : आता खरेदी करून माल चार-सहा महिने धरून ठेवावा का, आणि ठेवायचा तर कुठे? पहिल्या प्रश्नावर संचालक मंडळात तासन्‌तास खल होतो. दुसरा पाच मिनिटांत मिटतो, कारण ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला त्याचे गोदाम रिकामेच असते, भाडेही तो नाममात्र सांगतो आणि वर म्हणतो, ‘उगाच गाडीभाडं कशाला घालता, राहू द्या इथंच.’ जिनिंगमध्ये गाठींचा सौदा करून त्या तिथल्याच शेडमध्ये सोडणाऱ्यांचीही हीच रीत आहे. माल बुडतो तेव्हा आपण भावाला, नशिबाला किंवा त्या एका माणसाच्या नियतीला दोष देतो. आमच्या मते दोष त्या पाच मिनिटांत घेतलेल्या निर्णयाचा असतो. माल विकणारा, सांभाळणारा आणि मोजणारा ही तीन माणसे वेगळी नसतील, तर खरेदी कितीही स्वस्त असली तरी ती करू नये.

हे निव्वळ संशयखोरपणाचे बोलणे नाही. कायदाच अशा खरेदीदाराच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 30 प्रत्येक व्यवस्थापकाने एकदा तरी वाचावे. विक्री झाल्यावरही माल विकणाऱ्याच्याच ताब्यात राहिला आणि त्याने तो दुसऱ्याला विकला किंवा गहाण टाकला, तर आधीच्या व्यवहाराची कल्पना नसलेल्या, सचोटीने माल घेणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचा हक्क टिकतो. पूर्ण पैसे मोजलेल्या पहिल्या खरेदीदाराला मग माल मिळत नाही, विकणाऱ्याविरुद्धचा दावा तेवढा हाती उरतो. त्याच कायद्याचे कलम 18 म्हणते की जो माल वेगळा काढून निश्चित केलेला नाही, त्याची मालकी खरेदीदाराकडे जातच नाही. म्हणजे हजार क्विंटलच्या ढिगातले ‘दोनशे तुमचे’ असे वहीत लिहून घेतले आणि त्या दोनशेची थप्पी वेगळी लावली नाही, तर पैसे देऊनही आपण मालक झालेलो नसतो. सभासद शेतकऱ्यांची स्थिती याहून नाजूक आहे. ‘माल टाकून ठेवा, भाव नंतर लावू’ या बोलीवर सोयाबीन व्यापाऱ्याकडे सोडणाऱ्याला वाटते की आपण माल ठेवायला दिला. व्यापारी तो माल आठवडाभरात दुसऱ्या मालात मिसळून तेलाच्या कारखान्याला पाठवतो आणि त्याला तशी मुभा असतेच. ज्याने तोच माल परत करायचा नाही, नुसते पैसे द्यायचे आहेत, त्याला माल सांभाळणारा म्हणता येत नाही. तो उधारीवरचा खरेदीदार आहे आणि शेतकरी त्याचा विनातारण सावकार. दुकानाला कुलूप लागले की रांगेत तो बँकेच्या मागे उभा असतो.

मोठ्या व्यवहारांत एवढी ढिलाई नसेल, असे कुणाला वाटत असेल तर त्याने 2013 आठवावे. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये त्या वर्षी 31 जुलैला व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे 13 हजार गुंतवणूकदारांचे जवळपास 5,600 कोटी रुपये अडकले. आज माल घ्यायचा आणि तोच पंचवीस दिवसांनी चढ्या भावाने परत विकायचा, असे जोडसौदे तिथे चालत. साखर, एरंडी, भात असा माल गोदामांत आहे, म्हणून पैसा सुरक्षित आहे, असे सांगितले जाई. शोध सुरू झाला तेव्हा बहुतेक ठिकाणी कागदावरचा माल गोदामात सापडला नाही. ती गोदामे अनेकदा माल विकून पैसे उचलणाऱ्यांच्याच कारखान्यांच्या आवारात होती आणि माल आहे ही ग्वाही देणारे एक्स्चेंज स्वतःच सौदेही चालवत होते. अमेरिकेत 1963 साली सोयाबीनच्याच तेलाबाबत हे घडले होते. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथल्या टाक्यांत तेल आहे अशा वखार पावत्यांवर कर्जे उचलली गेली; टाक्यांत बहुतांशी पाणी होते आणि तपासनिसाला दिसावा म्हणून वर तेलाचा थर. पावत्या देणारी कंपनी अमेरिकन एक्स्प्रेसची उपकंपनी, म्हणजे नाव मोठे. पण टाक्यांवर राखण करणारी माणसे कर्जदार कंपनीच्याच नोकरीतून आलेली होती. 15 कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. या दोन्ही प्रकरणांत कागदपत्रे व्यवस्थित होती. सांभाळणारा मात्र विकणाऱ्यापासून वेगळा नव्हता.

आता आपल्या गोदामात या. थप्पीची लांबी, रुंदी आणि थर मोजून गुणाकार केला की कट्ट्यांचा आकडा येतो, आणि बहुतेक तपासण्या इथेच संपतात. पण थप्पी बाहेरून भरलेली आणि मधून पोकळ रचता येते. चारही बाजूंच्या भिंती कट्ट्यांच्या, वर फळ्या किंवा रिकामा बारदाना टाकून त्यावर एक थर. ती ओळखायची तर वर चढावे लागते आणि मधले दोन-चार कट्टे हमालांकडून उचलून खालचा थर पाहावा लागतो. म्हणूनच थप्पी भिंतीला चिकटवून लावू देऊ नये. चारही बाजूंनी फिरायला जागा हवी. परखी कट्ट्याच्या तोंडाशीच खुपसली तर वरचा चांगला दाणा तेवढा हाती येतो, पोटातले मातेरे येत नाही. थप्पीला कंपनीच्या नावाचे कार्ड, त्यावर तारीख, कट्टे, वजन आणि ओलावा. प्रत्येक उचलीची नोंद त्याच कार्डावर. हे एवढे काम व्यवस्थापकाने महिन्यातून एकदा, आगाऊ न कळवता करावे. न कळवता गेल्यावर ‘चावी दुसऱ्याकडे आहे, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर त्यातच पुष्कळ कळते.

‘घट तर येणारच’ हे वाक्य ज्याच्या तोंडी सर्वांत जास्त असते, त्याला गणिताने उत्तर देता येते. 100 क्विंटल सोयाबीन 12 टक्के ओलाव्यावर आत गेले, तर त्यात 88 क्विंटल कोरडा दाणा असतो आणि तो कुठे उडून जात नाही. बाहेर काढताना ओलावा 10 टक्के भरला, तर वजन सुमारे 97.8 क्विंटल हवे. 9 टक्के भरला तर सुमारे 96.7. कुणी 5 क्विंटल घट सांगत असेल, तर माल साडेसात टक्क्यांच्याही खाली वाळला आहे हे त्याने ओलावा मापकावर दाखवावे. कीड, उंदीर, सांडलवंड यांचा वाटा असतोच, पण त्याच्या खुणा गोदामात दिसतात. आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा ओलावा करारात लिहिलेला नसेल तर हे गणित मांडता येत नाही, आणि तो न लिहिण्यात फायदा कुणाचा आहे, हे सांगायला नको.

यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. व्यापारी परका नसतो. पेरणीच्या वेळी बियाण्या-खताला तोच उभा राहतो, त्याच्याशी दोन पिढ्यांचे संबंध असतात. ते संबंध जरूर टिकवावेत. पण कंपनीच्या संचालकाच्या हाती शे-पाचशे सभासदांचा पैसा असतो आणि स्वतःच्या ओळखीवर तो पणाला लावण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. शिवाय प्रामाणिक व्यापाऱ्यालाही एखादे वर्ष वाईट जाते. बँकेचा तगादा लागला की समोरची, दुसऱ्याच्या मालकीची थप्पी उचलण्याचा मोह त्याला होऊ नये, यात त्याचेही हित आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. वेगळ्या गोदामापर्यंतचे गाडीभाडे, दोनदा हमाली, भाडे, विमा हे सगळे खरे आहे. हा खर्च भावातल्या अपेक्षित वाढीतून वजा करून पाहावा, आणि काही उरत नसेल तर तो माल ठेवण्यासारखा नव्हताच. विकून मोकळे व्हावे. फुकटच्या गोदामाने नफ्यात दिसणारा सौदा खरे तर जोखमीची किंमत न धरलेला सौदा असतो.

तिसरा आक्षेप कायद्यावरच्या भरवशाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार वखारवाल्याने ठेवीच्या मालाचा अपहार केला तर 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेने सोयाबीन परत येत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा नॅशनल स्पॉट एक्स्चेंजला लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयात 2022 साली ठरले. पैसे अडकले होते 2013 मध्ये. खटल्याचा खर्च पेलणाऱ्या गुंतवणूकदारांना नऊ वर्षे लागली, तर गंगाखेड किंवा पालमच्या कंपनीने काय अपेक्षा धरावी?

पर्याय नाहीत असे मात्र नाही. राज्य वखार महामंडळाची गोदामे आहेत आणि तिथे शेतकऱ्यांना भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीमार्फत माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. म्हणजे पैशाची नड आहे म्हणून ‘भाव नंतर’च्या बोलीवर माल सोडण्याची गरज उरत नाही. 2007 च्या वखार कायद्याखाली नोंदलेल्या गोदामांची इलेक्ट्रॉनिक पावती 2017 पासून निघते. तिच्यावर कर्ज चढले की नोंद होते आणि त्याच पावतीवर दुसरे कर्ज उचलता येत नाही. सरकारी किंवा नोंदणीकृत म्हटले की डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे आम्ही म्हणत नाही. थप्पीवर तिथेही चढावेच लागेल. फरक इतकाच की तिथला गोदामपाल आपल्याला माल विकणारा नसतो, आणि कमी पडलेल्या मालाची भरपाई मागायला समोर एक संस्था असते.

सोयाबीनची पहिली गाडी भरण्याआधी संचालक मंडळाची बैठक बोलवा. ज्याच्याकडून माल घेतला त्याच्या किंवा त्याच्या नातलगांच्या गोदामात कंपनीचा माल ठेवला जाणार नाही, वजन तिसऱ्याच काट्यावर होईल आणि दरमहा थप्पी उघडून पाहिल्याचा अहवाल मंडळापुढे येईल, असा ठराव करा, आणि तो इतिवृत्तात सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा.