मुक्तिसंग्रामातल्या बायका कुठे गेल्या?



गेल्या अंकातील हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील लेख माहितीपूर्ण आहे. पण स्त्रिया त्यात ‘अत्याचारांना बळी पडल्या’ एवढ्या एका वाक्यात उरकल्या आहेत. ते मान्य होण्यासारखे नाही.

बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेशात घोड्यावरून फिरत, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांवर बॉम्ब टाकत. ईटच्या गोदावरीबाई टेके लढता लढता हुतात्मा झाल्या. बळी म्हणून त्यांची बोळवण कशी करता येईल?

आम्हा कन्नडकरांना निजामाच्या राज्याची सरहद्द सांगावी लागत नाही. घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे तेव्हाचा त्या राज्याबाहेरचा मुलूख. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजेची एक तुकडी तिकडूनच कन्नड, दौलताबादकडे आली. त्याआधी जीव मुठीत धरून सरहद्दीपार गेलेल्या कुटुंबांत चूल, लेकरे, म्हातारी माणसे कोणी सांभाळली, हे कागदोपत्री फारसे सापडत नाही.

लेख १७ सप्टेंबरला, निजामाच्या शरणागतीच्या दिवशी, थांबतो. बायकांचे हाल त्या दिवशी थांबले नाहीत. फौजा आल्यावर आणि त्यानंतर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्ग्याला बसली. मरणारे बहुसंख्य मुसलमान होते. एका विहिरीत समितीने ११ प्रेते मोजली. त्यांत एक बाई होती, तिच्या छातीशी तान्हे मूल. तिचे दुःखही आपलेच आहे आणि ते वगळून लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो.

त्या काळात जाणत्या असलेल्या बायका आज नव्वदीच्या आसपास आहेत. आपल्या नियतकालिकाने गावोगावच्या वाचकांना आवाहन करून त्यांच्या आठवणी, सर्व धर्मांतल्या घरांतून, याच वर्षी नोंदवून घ्याव्यात.

— एक वाचक, कन्नड