इंटर्नलचे ४४ मार्क नेमके कशाचे?

सबमिशनची तारीख जवळ आली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, ‘कुणाचं झालंय? पाठव ना!’ मग एकाची फाइल दहा जणांकडे जाते. पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर तेवढा बदलतो. कॉलेजजवळच्या दुकानात प्रिंट निघते, स्पायरल होतं आणि सगळा गठ्ठा सरांच्या टेबलावर जाऊन पडतो. महिन्याभराने यादी लागते. तुम्हाला ५० पैकी ४४, शेजारच्याला ४३. हे ४४ कशाचे? आणि त्याचा तो एक मार्क गेला कुठे? विचारलंय कधी?

मॅनेजमेंट शिकणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या विद्यापीठाच्या एमबीएच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पूर्ण क्रेडिटच्या विषयाचे १०० मार्क दोन सारख्या भागांत वाटलेत. ५० मार्क विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे आणि ५० कॉलेजने सेमिस्टरभर करायच्या मूल्यमापनाचे. या दुसऱ्या भागाचं भारदस्त नाव आहे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह कन्करंट इव्हॅल्युएशन’, म्हणजे आपलं ‘सीसीई’. केस स्टडी, लेखी असाइनमेंट, ओपन बुक टेस्ट, प्रेझेंटेशन हे सगळं त्यातच येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांमध्येही आलं. त्या धोरणाचा भरही एका मोठ्या परीक्षेपेक्षा वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनावर आहे. त्यामुळे बीकॉम, बीबीएवाल्यांनो, ही गोष्ट तुमचीही आहे.

कागदावर ५०, प्रत्यक्षात ५

एक साधं गणित करून बघा. समजा वर्गातल्या सगळ्यांचे इंटर्नल मार्क ४१ ते ४६ च्या दरम्यान आहेत आणि लेखी परीक्षेचे १८ ते ४३ च्या दरम्यान. इंटर्नलमध्ये पहिल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्यात ५ मार्कांचा फरक, परीक्षेत २५ चा. कागदावर दोन्हींचं वजन निम्मं-निम्मं. पण कोण पुढे, कोण मागे हे जवळपास सगळं परीक्षाच ठरवते. सेमिस्टरभर लिहिलेल्या असाइनमेंटने निकालात काही हललंच नाही.

तुमच्या वर्गाची यादी अशी दिसते का, ते स्वतःच तपासा. दिसत असेल तर त्याचा फटका दोघांना बसतो. ज्याने रात्र जागून स्वतः लिहिलं त्याला एक-दोन मार्क जास्त मिळाले, एवढंच. ज्याने फाइल फिरवली त्याला वाटतं, आपलं काही बिघडलं नाही. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत ‘ओ’पासून ‘एफ’पर्यंत पायऱ्या आहेत. ‘ए प्लस’ म्हणजे एक्सलंट, ‘बी प्लस’ म्हणजे गुड. पण काय गुड होतं आणि काय राहून गेलं, हे ते अक्षर सांगत नाही. ते सांगायला कुणीतरी तुमचं लिखाण वाचावं लागतं.

मुळात लिहायला लावतात कशाला?

अकाउंट्समध्ये बॅलन्स शीट जुळते किंवा जुळत नाही. स्ट्रॅटेजीत तसं नसतं. एकाच परिस्थितीत दोन हुशार माणसं उलट निर्णय घेतात आणि दोघांकडेही कारणं असतात. तपासायची असते ती कारणांची साखळी. ती बोलताना सहज लपते आणि स्लाइडवर तर हमखास लपते. सलग परिच्छेद लिहायला बसलं की मात्र कुठली कडी कच्ची आहे ते लगेच उघडं पडतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये पहिली केस १९२१ मध्ये लिहिली गेली, एका बूट बनवणाऱ्या कंपनीची. त्याच हार्वर्डच्या सहकार्याने १९६१ मध्ये अहमदाबादची आयआयएम उभी राहिली. तिथला ‘रिटन अ‍ॅनालिसिस अँड कम्युनिकेशन’ हा कोर्स, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘वॅक’, पिढ्यान् पिढ्या घाम काढणारा म्हणून प्रसिद्ध आहे. केस वाचा, निर्णय घ्या, ठरलेल्या वेळेत लिहून द्या. कंपन्यांनाही याची किंमत कळते. अ‍ॅमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी सलग लिहिलेलं टिपण आणलं. कारण तेच. बुलेट पॉइंटच्या आड अर्धवट विचार खपून जातो.

लासलगावचा कांदा आणि स्वॉटचा तक्ता

आता आपल्या अंगणातलं उदाहरण घेऊ. असाइनमेंट अशी आहे समजा: ‘नाशिकच्या एका कांदा निर्यातदार कंपनीने पुढच्या दोन वर्षांसाठी काय धोरण ठेवावं?’

फिरवलेल्या फाइलमध्ये काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. चार चौकोनांचा स्वॉटचा तक्ता. ताकद: दर्जेदार उत्पादन. दुबळेपणा: साठवणुकीचा अभाव. संधी: वाढती जागतिक मागणी. धोका: सरकारी धोरण. शेवटी निष्कर्ष: कंपनीने नावीन्यावर भर द्यावा. यातला ‘कांदा’ शब्द काढून ‘हळद’ घाला, एकही वाक्य बदलावं लागणार नाही. ज्या उत्तरात पीक बदललं तरी काही बिघडत नाही, ते त्या पिकाबद्दलचं उत्तर नाहीच.

आता तोच ‘सरकारी धोरण’ नावाचा धोका तारखा लावून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी झाली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत असेल असं सांगितलं होतं, पण पुढे वाढली आणि ४ मे रोजी उठली. उठली तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासकट. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही हटलं. साधारण वीस महिन्यांत नियम सहा वेळा हलले.

याच्या शेजारी पिकाचं कॅलेंडर ठेवा. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. तो फार दिवस टिकत नाही, आला की विकावाच लागतो. मार्च-एप्रिलनंतरचा उन्हाळ कांदा मात्र चाळीत चार-सहा महिने राहतो. म्हणजे डिसेंबरातली बंदी आणि मे महिन्यातली बंदी हे दोन वेगळे धोके आहेत. पहिल्यात शेतकऱ्याला थांबायची सोयच नाही, दुसऱ्यात आहे. कंपनीने डिसेंबरासाठी वेगळी तयारी करायची की नाही, इथून खरी स्ट्रॅटेजी सुरू होते. परदेशातला खरेदीदार बंदी उठेपर्यंत वाट बघत बसत नाही, दुसऱ्या देशाचा माल घेतो. तो परत कसा आणायचा? सगळा धंदा एकाच पिकावर ठेवायचा का? मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्षाच्या निर्यातीपासून टोमॅटोच्या प्रक्रियेपर्यंत अनेक पिकं हातात ठेवली आहेत. तो रस्ता या छोट्या कंपनीला परवडेल का?

गंमत म्हणजे लाल आणि उन्हाळ कांद्यातला हा फरक निफाड, चांदवड, येवल्याकडून येणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना लहानपणापासून माहीत असतो. पण असाइनमेंट लिहिताना तो त्यांना ‘अभ्यासातला’ वाटत नाही. घरचं ज्ञान घरी ठेवायचं आणि कॉलेजात पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसची व्याख्या उतरवायची, अशी सवय लागलेली असते. मायकल पोर्टरने ती चौकट १९७९ मध्ये मांडली ती नेमकी अशी माहिती तिच्यात भरता यावी म्हणून. रिकामी चौकट लिहिण्याचे मार्क का मिळावेत?

एआयने लिहिलं तर पकडणार कोण?

तो चार चौकोनांचा तक्ता आता चॅटजीपीटी काही सेकंदांत, निर्दोष इंग्रजीत काढून देतं. ग्रुपवर ‘पाठव ना’ म्हणायचीही गरज उरलेली नाही. अनेकांना वाटतं, यावर यूजीसीचा कडक नियम असेल. साहित्यचोरी रोखण्यासाठी यूजीसीने २०१८ मध्ये नियम आणले खरे, पण ते प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून स्पष्टपणे वगळलेत. म्हणजे तुमच्या असाइनमेंटचा प्रामाणिकपणा तुमच्यावर, तुमच्या सरांवर आणि कॉलेजवर सोडलेला आहे.

याचा एक सोपा उपाय कॉलेजांसमोर आहे: घरून लिहायची असाइनमेंटच बंद करायची आणि सगळं पुन्हा वर्गातल्या टेस्टवर आणायचं. तसं झालं तर नुकसान आपलंच. दोन तासांच्या टेस्टमध्ये लासलगावला जाऊन येता येत नाही. एखादा निर्णय आठवडाभर डोक्यात घोळवता येत नाही, पहिलं मत खोडून दुसरं लिहिता येत नाही. लेखी कामाचं खरं शिक्षण त्या खोडण्यात असतं.

सर वाचत का नाहीत?

दोष एकट्या शिक्षकांवर ढकलू नका. ६० जणांचा वर्ग, एका विषयाच्या तीन असाइनमेंट, म्हणजे १८० गठ्ठे. प्रत्येकाला फक्त १५ मिनिटं दिली तरी ४५ तास होतात, तेही एकाच विषयाचे. बाकी लेक्चर, अ‍ॅक्रेडिटेशनच्या फायली, अ‍ॅडमिशनची कामं वेगळीच. मग पानं मोजून मार्क पडले तर नवल काय?

पण हाच वेळ वेगळा वापरता येतो. तीन असाइनमेंटऐवजी एकच, पण तीन टप्प्यांत. आधी कच्चा ड्राफ्ट, त्यावर १० मिनिटं: ६० जणांचे १० तास. मग पक्की प्रत, १५ मिनिटं: १५ तास. शेवटी प्रत्येकाला ५ मिनिटं तोंडी प्रश्न: ५ तास. एकूण ३० तास, आधीपेक्षा १५ ने कमी. तीन टप्पे म्हणजे मूल्यमापनाचे तीन भागही झाले. आणि ‘हा परिच्छेद का लिहिलास?’ या एका तोंडी प्रश्नात कोणी लिहिलं आणि कोणी उतरवलं ते कळतं. त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

एक, लिहायला घेण्याआधी विचारा. ‘सर, कशाला किती मार्क आहेत?’ काही कॉलेजांत याला ‘रुब्रिक’ म्हणतात. निर्णय स्पष्ट आहे का, पुरावा आहे का, दुसऱ्या पर्यायाचा विचार केलाय का, भाषा कशी आहे, प्रत्येकाला किती? एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर सीआरकरवी वर्गाने मिळून विचारा. मार्क मिळाल्यावर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं असतं.

दोन, विषय जवळचा आणि प्रश्न छोटा घ्या. बारा वर्षांनी येणाऱ्या, २०२७ मधल्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या लॉजमालकाने खोल्या वाढवाव्यात का, आणि मेळा संपल्यावर त्या खोल्यांचं काय? अंबड किंवा सातपूरच्या एकाच मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याने दुसरं गिऱ्हाईक शोधावं का? अशा प्रश्नांची तयार उत्तरं इंटरनेटवर पडलेली नसतात. बस पकडून जावं लागतं, चार माणसांना विचारावं लागतं.

तीन, इंग्रजी अडत असेल तर आधी मराठीत मुद्दे मांडा. निर्णय काय, कारणं कोणती, कोणाचा विरोध होईल, त्याला उत्तर काय. एवढं मराठीत पक्कं झालं की इंग्रजी साधं असलं तरी चालतं. उलट केलं की भारी शब्द येतात आणि मुद्दा हरवतो. एआयला इंग्रजी तपासायला द्यायचं असेल तर सरांना सांगून द्या, पण निर्णय त्याला विचारू नका.

चार, तपासलेली प्रत परत मागा. ‘मार्क वाढवा’ म्हणू नका. ‘माझा मुद्दा कुठल्या परिच्छेदात तुटला?’ एवढंच विचारा.

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरलाय. तीन क्रेडिटच्या विषयाचे ९० तास होतात आणि त्यांची फी तुम्ही भरलेली आहे. उद्या प्लेसमेंटच्या मुलाखतीत समोरचा तुमच्या रेझ्युमेवर बोट ठेवून म्हणेल, ‘कांद्यावर प्रोजेक्ट केलाय? मग सांगा, बंदीच्या काळात तुम्ही असता तर काय केलं असतं?’ तिथे ४४ मार्क दाखवून भागणार नाही. पुढच्या सबमिशनला अजून वेळ असेल तर या आठवड्यात पहिला प्रश्न विचारून टाका.