वेलांटी हाताने सरकवत बसू नका
आमच्या जोगेश्वरीच्या दुकानात लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. इनडिझाईनमध्ये पेस्ट केला की पहिली वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली. पूर्वी मी एकेक अक्षर हाताने दुरुस्त करायचो. एकदा नवरदेवाच्या आडनावातला रफार सुटला आणि 300 पत्रिका स्वखर्चाने पुन्हा छापल्या, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच!

मित्रांनो, मूळ सेटिंग बदला. मजकूर सिलेक्ट करून पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा, फॉन्ट युनिकोड देवनागरीच ठेवा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाईल असेल तर आधी कन्व्हर्टर लागतो, कारण तिथे अक्षरांचे कोडच वेगळे. त्यानंतरही रफार डोळ्यांनी तपासा.

आता ग्राहकाच्या सहीशिवाय प्रूफ मशीनवर जात नाही, सख्ख्या मेव्हण्याची पत्रिका असली तरी.