कणखरपणाची व्याख्यानं पुरे झाली

१० ऑक्टोबर जवळ आला की आमच्या महाविद्यालयांत एक कार्यक्रम ठरलेला. समई पेटते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ मिळतो आणि पाहुणे मुलांना सांगतात, "कणखर व्हा, खचू नका!" टाळ्या पडतात, अहवालासाठी फोटो निघतात. झाला जागतिक मानसिक आरोग्य दिन! ११ तारखेला एखाद्या मुलाला खरंच कुणाशी बोलायचं असेल तर त्याने कुठलं दार ठोठवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझा आक्षेप कणखरपणाला नाही. तो मुलांनी एकट्याने अंगी बाणवावा आणि संस्थेने हात झटकावेत, या सोयीस्कर समजुतीला आहे.

"आमच्या वेळी नव्हती बाबा असली थेरं," असं म्हणणारे घरोघरी भेटतात. मुलं तेव्हाही खचत होती. फक्त कोणी विचारत नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. एवढी मुलं नुसती नाजूक म्हणून गेली, असं म्हणायला जीभ कशी रेटते?

आपल्या खाजन शेतीकडे पाहा. बांध कितीही भक्कम घाला, मानस नसेल तर आत साचलेलं पाणी शेत कुजवतं. ओहोटीला मानशीचे दरवाजे उघडतात आणि पाणी खाडीत जातं. ते जायला वाटच ठेवली नाही, तर बांधाला दोष देऊन काय उपयोग?

ही वाट ठेवणं आता संस्थांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. माणसं मिळत नाहीत, ही सबब गोव्यात तरी सांगू नका. 'संगत' या आपल्याच संस्थेने या क्षेत्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशन चालवलं. त्याचा गुण आला, हे २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पात्र समुपदेशकाच्या जोडीला अशी माणसं आपण नक्कीच तयार करू शकतो.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही उपयोगी पडतो, तो मुलांना जरूर द्या. पण फोन आहे म्हणून खोली नको, असं होत नाही. रोज उघडी असणारी खोली, तिथे कायम नेमलेलं माणूस आणि तिथलं बोलणं प्राध्यापकांच्या किंवा पालकांच्या कानावर जाणार नाही ही हमी, एवढं तरी हवंच.

पालकहो, प्रवेश घेताना फी विचारता, प्लेसमेंट विचारता. यंदा आणखी एक विचारा: समुपदेशक कुठे बसतो? उत्तर म्हणून मागच्या कार्यक्रमाचे फोटो दाखवले, तर तेच पुन्हा विचारा.