आधी कानामागे, मग केसांना

केस रंगविणे ही चैनीची बाब आहे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयातही निरनिराळ्या छटांची डोकी दिसू लागतात आणि त्यांवर थट्टामस्करी होते. परंतु माझ्यासारखे विद्यार्थी ज्या वस्त्यांतून येतात, तेथे केस काळे करणे हा पुष्कळदा पोटाचा प्रश्न असतो. पन्नाशीतल्या माणसाला रखवालीचे काम देताना मुकादम आधी त्याच्या डोक्याकडे पाहतो. म्हणून महिन्याच्या किराण्याबरोबर कलपाची पुडीही येते. चैन असो वा गरज, कलप लावण्यापूर्वी कातडीवर त्याची चाचणी मात्र सहसा कोणी घेत नाही. ती घेतलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारातील बहुतेक टिकाऊ काळ्या कलपांत पॅराफेनिलीनडायमाइन, म्हणजेच थोडक्यात पीपीडी, किंवा त्याच जातकुळीचे रसायन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संयोग झाला की केसाच्या आत गडद रंग तयार होतो. हेच रसायन कातडीतही शिरते. काही माणसांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवते. ही ओळख निमूटपणे होते. त्या वेळी काहीच दिसत नाही. पुढे केव्हा तरी तोच कलप लावला की एक-दोन दिवसांत खाज सुटते, पुरळ उठते, कपाळ, कान व पापण्या सुजतात. क्वचित प्रसंगी श्वासालाही त्रास होतो.

म्हणूनच "इतकी वर्षे लावतो आहे, मला काय होणार?" हा युक्तिवाद फसवा आहे. माझ्या वडिलांचाही तोच होता. दहा वर्षे त्यांना काही झाले नाही. अकराव्या वर्षी एका सकाळी त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले आणि आठ दिवसांची मजुरी बुडाली. दुखण्यापेक्षा त्या खाड्याचेच त्यांना अधिक वाईट वाटले.

काळ्या मेंदीचीही तीच कथा. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो. ती झटपट काळीभोर रंगत असेल, तर तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते. जत्रेत हातावर काढलेल्या अशा नक्षीमुळे जडलेली अ‍ॅलर्जी पुढे केस रंगविताना उसळू शकते.

आता चाचणीकडे वळू. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणाने धुवावी, वापरायचा तोच कलप तयार करून तेथे किंचित लावावा, वाळू द्यावा आणि चोवीस तासांनी धुवावा. काही कंपन्या अठ्ठेचाळीस तास थांबावयास सांगतात. प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने दोन दिवस वाट पाहणेच शहाणपणाचे. लाली, खाज वा सूज दिसली तर तो कलप लावू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ते करतात ती पट्टीची चाचणी निराळी व अधिक खात्रीची; तिचा पाया योझेफ याडासोन ह्यांनी १८९५ साली घातला. घरची चाचणी म्हणजे संपूर्ण हमी नव्हे, पण पूर्वसूचना खासच.

विशेष म्हणजे हे सारे आपल्या कायद्यातही आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत पीपीडीयुक्त कलपाच्या वेष्टणावर धोक्याची सूचना आणि चाचणीची कृती इंग्रजीत व स्थानिक भाषांत द्यावी, चाचणी प्रत्येक वेळी करावी आणि भुवया-पापण्यांना कलप मुळीच लावू नये, कारण त्याने अंधत्वही येऊ शकते, असे सांगितले आहे. परंतु ती सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत असते. केशकर्तनालयात तर वेष्टण आधीच टोपलीत गेलेले असते. खुर्चीत बसलेल्याला ते दिसतही नाही. जी सूचना ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तिला सूचना तरी कसे म्हणावे?

केशकर्तनालयाचे चालक म्हणतात, गिऱ्हाईक हळदीच्या आदल्या दिवशी येते, दोन दिवस कोण थांबणार? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावीत नाही आणि त्याबद्दल आपण कुरकुर करीत नाही. मग डोक्याच्या बाबतीतच एवढी घाई का? कानामागे एक ठिपका लावायला दोन मिनिटे पुरतात. "परवा या" असे सांगण्याची रीत त्यांनी पाडावी आणि आपणही ती मानावी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले आपण पहिलेच आहोत. वडील रेशनकार्ड, वीजबिल आपल्याकडून वाचून घेतात. त्यांत कलपाच्या पुडीवरील बारीक अक्षरांचीही भर घालू या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शाखेने ह्या वर्षी ही कृती मोठ्या मराठी अक्षरांत लिहून गावातल्या प्रत्येक केशकर्तनालयात आरशाशेजारी लावावी, अशी माझी सूचना आहे. खर्च कागदाचा आणि शाईचा. वाचेल ती कोणाची तरी आठ दिवसांची मजुरी.

– द्वितीय वर्ष कला