गेमिंगचा डेस्कटॉप : सुटे भाग की बंद डबा? बारामती-इंदापूरच्या घरांसाठी एक हिशेब

दहावी-बारावीनंतर डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरात संगणकाचा विषय निघतोच. मुलाला गेमिंग पीसी हवा असतो. अब्बांना वाटते, अभ्यासापुरता घ्यावा. खरे तर ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग आणि गेम या तिन्हींना जवळपास सारखेच मशीन लागते. त्यामुळे भांडण गेमचे नसून पैशाचे आहे. एकदा घातलेले पैसे किती वर्षे चालतील, हा खरा प्रश्न.

सध्या तो जास्तच टोचतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, म्हणून बरीच जुनी मशीन बाहेर पडली. व्हॅलोरंटसारखा गेमसुद्धा विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त फायदा दिसू लागला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले.

मॉड्युलर म्हणजे नक्की काय?

भाग काढता-घालता येणारे मशीन म्हणजे मॉड्युलर, एवढा साधा अर्थ. पण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे एकाच कंपनीचे खास ठोकळे. रेझरने जानेवारी २०१४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात ‘प्रोजेक्ट ख्रिस्टीन’ दाखवले. कपाटात पुस्तक सरकवावे तसे भाग सरकवायचे. ते बाजारात कधी आलेच नाही. इंटेलने २०२० मध्ये एनयूसी ९ एक्स्ट्रीम आणले. त्यात प्रोसेसर आणि बोर्ड मिळून एक कार्ट्रिज होती, पुढची पिढी आली की तेवढी बदलायची. जुलै २०२३ मध्ये इंटेलने एनयूसीचा धंदा थांबवला आणि पुढचे काम आसुसकडे दिले. दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपसाठी नावाजलेल्या फ्रेमवर्कने फेब्रुवारी २०२५ मध्ये डेस्कटॉप जाहीर केला, पण त्यात रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे. नंतर वाढवता येत नाही. थोडक्यात, ठोकळा एका कंपनीचा असेल तर कंपनीचे मन बदलले की आपला ठोकळा अडगळीत जातो.

दुसरी गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे, असेंबल्ड पीसी. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. मापे ठरलेली, कंपन्या अनेक. एकाने माल बंद केला तर दुसऱ्याचा बसतो. खरा मॉड्युलर पीसी हाच.

सॉकेट बघा, मग बाकीचे

मात्र असेंबल्ड आहे म्हणून सगळे कायम बदलता येते, असेही नाही. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट मशीनचे आयुष्य ठरवते. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७ च्या सुमारास आले. तेव्हा रायझन ५ १६०० घेतलेल्या माणसाला अनेक बोर्डांवर नुसते बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलची सॉकेट मात्र दोन-तीन पिढ्यांत बदलत आली. बारावी ते चौदावी पिढी एलजीए १७०० वर चालली, २०२४ च्या नव्या प्रोसेसरला लगेच १८५१ लागले.

आज नवीन घेताना एएम४ स्वस्त पडेल, पण ते शेवटचे स्टेशन आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला डीडीआर५ रॅम लागते, खर्च वाढतो. पण हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असे एएमडीने सांगितले आहे.

आपल्या भागाची गणिते वेगळी

यूट्यूबवर पीसी जोडून दाखवणाऱ्याची खोली एसीची असते. बारामती-इंदापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यात गाळप हंगामात कारखान्याच्या परिसरात काजळी आणि रस्त्यावरची धूळ. म्हणून जाळीचा, फिल्टर धुता येणारा कॅबिनेट घ्या. काचेच्या आत रंगीत दिवे लावण्यापेक्षा दोन पंखे जास्त लावलेले बरे.

वीज हा त्याहून मोठा मुद्दा. मध्यम गेमिंग पीसी खेळताना साधारण ३०० ते ४०० वॅट खातो. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो, भार आला की तो मान टाकतो. १००० व्हीएच्या पुढचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा पाहा. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ५५० ते ६५० वॅटचा असावा. एसएमपीएसमध्ये वाचवलेले हजार रुपये पुढे मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जाऊ शकतात.

तिसरी गोष्ट वॉरंटीची. बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. बिघडलेले कार्ड घेऊन स्वारगेटची एसटी धरायची तर एक दिवस आणि एक मजुरी जाते. त्यामुळे ऑनलाइन किंमत थोडी कमी दिसली, तरी क्लेमचे काम स्वतः करून देणारा गावातला दुकानदार परवडू शकतो. जीएसटीचे पक्के बिल आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर मागून घ्या. दुबईहून चाचा किंवा मामू कार्ड आणणार असतील, तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधीच विचारा.

जुन्या ऑफिस मशीनचा मोहही सांभाळून. स्वस्तातल्या काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा कनेक्टर कंपनीचा खास असतो आणि कॅबिनेट इतके अरुंद की मोठे कार्ड बसतच नाही. अभ्यासाला ते ठीक, गेमिंगसाठी वाढवायला नाही.

हप्ता नको, टप्पा चालेल

सुट्या भागांचा मोठा फायदा इथे आहे. अनेक घरांना व्याजाचा हप्ता नको असतो. लॅपटॉप एकरकमी घ्यावा लागतो, डेस्कटॉप टप्प्याने वाढवता येतो. आधी चांगला बोर्ड, चांगला एसएमपीएस, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर (एएम४ वर रायझन ५ ५६००जी, एएम५ वर ८६००जी), ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि एसएसडी घ्या. एवढ्यावर अभ्यास होतो आणि व्हॅलोरंटसारखे हलके गेमही चालतात. ग्राफिक्स कार्ड वर्षभराने, पैसे साठल्यावर. रॅमचे भाव उतरले तर ती तेव्हा वाढवा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला मात्र डेस्कटॉपचा उपयोग नाही, त्याला लॅपटॉपच द्या.

पालकांची एक भीती रास्त आहे, गेमच्या नावाखाली जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. पण लक्षात घ्या, पैशाच्या गेमला ताकदवान पीसी लागतच नाही. ते खिशातल्या मोबाईलवर चालतात. बैठकीच्या खोलीत ठेवलेला डेस्कटॉप निदान सगळ्यांच्या नजरेसमोर असतो.

तेव्हा खरेदीला जाताना दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा. या सॉकेटवर पुढचा प्रोसेसर बसेल का? यातला कुठला भाग फक्त याच कंपनीचा लागतो? आणि बिघडला तर पुण्याला कोण जाणार, तुम्ही की आम्ही? उत्तरे पटली तर मशीन खुशाल घ्या. जोडणीच्या वेळी मुलालाही शेजारी उभे करा, म्हणजे पुढचा टप्पा तो स्वतः बसवेल.