मार्च एंडची खरेदी: सरकारी सवय आपल्या धंद्यात नको

मार्च आला की सरकारी ऑफिसांत एकच घाई सुरू होते. 31 मार्चपर्यंत निधी संपला नाही तर तो परत जातो, वर पुढच्या वर्षी "तुम्हाला लागतच नाही" म्हणून कात्री लागते. मग काय, चांगल्या खुर्च्या बदला, नवे प्रिंटर घ्या! केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत ही घाई म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग, असं स्पष्ट लिहिलंय. अर्थ मंत्रालयाने मार्चच्या खर्चाला वर्षाच्या तरतुदीच्या 15 टक्क्यांची मर्यादाही घातली. तरी सवय जात नाही. कारण तिथे पैसे वाचवणाऱ्याचंच नुकसान होतं.

आता आपलं बघा. "टॅक्स वाचवायचाय ना, मार्चमध्ये मशीन घेऊन टाका," असा सल्ला हमखास मिळतो. थांबा, हिशोब करा. साध्या मशिनरीवर घसारा 15 टक्के. पण त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच, म्हणजे 7.5 टक्के. 1 लाखाच्या मशीनवर यंदाची वजावट 7,500 रुपये. 30 टक्के दर धरला तरी टॅक्स वाचला 2,250. आणि खिशातून गेला 1 लाख!

सरकारी निधी परत जातो. आपली शिल्लक 1 एप्रिललाही आपलीच असते. पगाराला, कच्च्या मालाला तीच उपयोगी पडते. मशीनची खरी गरज असेल तर जरूर घ्या. फक्त आधी स्वतःला विचारा: हीच वस्तू मी जूनमध्ये घेतली असती का?